उजेडाचा काटा

तात्या बसत नसत. बारामतीच्या पेठेत त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्यात दोन स्टुले होती आणि ती दोन्ही गिऱ्हाइकांसाठी होती. तात्या उभ्याने तारांना डाख देत, उभ्याने चहा पीत आणि दुपारची भाकरी दाराच्या चौकटीला खांदा टेकून खात. उभे असतानाही त्यांचा एक पाय हलत असे. एक रेडिओ उघडला की पाच मिनिटांत नजर दुसऱ्यावर जाई, आणि दुसरा उघडा टाकून ते तिसऱ्याच्या वाटेवर असल्यासारखे रस्त्यावर येत. “बसा की जरा,” असे कोणी म्हटले तर म्हणत, “बसलेलं मशीन आन् बसलेला माणूस, दोनी दुरुस्तीलाच येत्यात.”

मी तेव्हा हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत होतो. माझी खोली त्यांच्या दुकानासमोर, माडीवर होती. शाळेत मी कडक म्हणून ओळखला जाई आणि पेठेत खरे बोलणारा म्हणून. दोन्ही लौकिक मी जपत असे. तात्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. शिक्षण मराठी चौथी. महायुद्धात फौजेत गेले आणि तिथे कोणा गोऱ्या सार्जंटाच्या हाताखाली रडारची यंत्रे दुरुस्त करायला शिकले. समुद्रकाठच्या एका तंबूत, हिरव्या वाटोळ्या पडद्यासमोर त्यांची दोन वर्षे गेली. पडद्यावर ठिपका उमटला की विमान आले असे समजायचे. त्या दोन वर्षांनी माणूस बिघडला, असे त्यांचे नातेवाईक म्हणत.

गावाने त्यांना ‘डोळेवाले तात्या’ असे नाव दिले होते. त्या काळच्या भारी रेडिओंना काचेचा एक हिरवा डोळा असे. स्टेशन नीट लागले की डोळ्यातली काळी फट मिटत जाई. हा डोळा रेडिओच्या आतल्या बाकीच्या दिव्यांपेक्षा, म्हणजे व्हॉल्व्हपेक्षा, लवकर मंद होई, आणि आवाज ठणठणीत असूनही लोक रेडिओ मेला म्हणून घेऊन येत. तात्यांनी यावर उपाय काढला. स्टेशन लावतेवेळी दाबले तरच डोळा उजळेल, असे एक बटण ते बसवून देत. त्याला ते पापणी म्हणत. डोळा चौपट टिके. लोकांना मात्र ते पसंत पडेना. गुळाचे एक अडते होते, आबा म्हणून. ते रेडिओ परत घेऊन आले.

“तात्या, घरी पाहुणं आल्यावर डोळा मिटून पडलेला रेडिओ बरा दिसतो व्हय?”

“पाहुणं गाणं ऐकाय येत्यात का डोळा बघाय?”

“डोळाच बघाय येत्यात. गाणं तर रस्त्यावर बी ऐकू येतंय.”

तात्यांनी मुकाट्याने बटण काढून दिले. आबा गेल्यावर मला म्हणाले, “माणूस बराबर बोलला. दिसण्याची भूक येगळी असती, मास्तर. ती कानानं भागत न्हाय.”

एका बागाइतदाराच्या घरी नवा रेडिओ आठ दिवसांत तापून बंद पडला. मी तात्यांबरोबर गेलो होतो. रेडिओवर जाड रेशमी कापड घातलेले होते. सासूबाईंनी सांगितले की सून घरात वावरते, आणि तो हिरवा डोळा सारखा तिच्याकडे बघतो, म्हणून झाकला. तात्या दाराआडच्या सुनेला म्हणाले, “ताई, त्याला काय बी दिसत न्हाय. आपल्याला दिसावं म्हणून त्यो हाय.”

दाराआडून प्रश्न आला, “मग मी जवळ आले की बारीक का हुतो?”

तात्यांचा हलणारा पाय थांबला. त्यांनी कापड काढले, जळालेला भाग बदलला आणि त्या मुलीला स्वयंपाकघरापासून रेडिओपर्यंत तीन वेळा चालत यायला लावले. ती म्हणत होती ते खरे होते. एरियलची तार दाराच्या चौकटीवरून नेली होती. माणूस तिच्याखालून गेले की लहरींत फरक पडे आणि डोळा मिचके. तात्यांनी तार उंचावर नेली आणि निघताना सासूबाईंना म्हणाले, “तुमच्या घरात नजर असलेलं माणूस एकच हाय. तिला झाकू नगा.” सासूबाईंना हे आवडले नाही. तात्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांना पुढच्या घरी जायचे होते.

काट्यांचा त्यांना राग होता. शाळेचे व्होल्टमीटर मी त्यांच्याकडे दुरुस्तीला नेई. ते दुरुस्त करीत, पण अपमान करून. “मास्तर, काट्याला वजन असतं. त्यो उशिरा उठतो आन् उशिरा थांबतो. तवर जे व्हायचं ते होऊन गेल्यालं असतं. तुमी पोरांना गेलेल्या गाडीचा धुरळा दावता.” मी विचारले, मग काय दाखवू? ते म्हणाले, “उजेडाचा काटा. त्याला वजन न्हाय. घडतं ते घडतानाच दावतो.”

तो उजेडाचा काटा त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला. लष्करी भंगारातली रडारची नळी होती. नरसाळ्यासारखी, वीतभर रुंद तोंडाची. परतीच्या गाडीत त्यांनी ती वाकळेत गुंडाळून खिडकीजवळच्या जागेवर ठेवली आणि स्वतः दौंडपर्यंत उभे राहिले. दुकानात आणल्यावर त्यांनी ती प्रथम आपल्या बायकोला दाखवली. मी त्यांना वहिनी म्हणत असे. तात्या समजावून सांगत होते, “मागनं बारीक कणांची पिचकारी सुटती. दोन पत्रं तिला डावी-उजवीकडं वढत्यात, दोन वर-खाली. म्होरल्या काचेला आतनं पूड लावल्याली हाय. तिथं मार बसला की उजळती.” वहिनींनी विचारले, “आन् पिचकारी सुटायची कशानं?” तात्या म्हणाले, “तेच तर न्हाय आपल्याकडं.”

तेच म्हणजे दोन हजार व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर. तो दीड वर्षाने दुसऱ्या एका भंगारात सापडला. बाकी सगळी जुळणी तात्यांची स्वतःची. या दीड वर्षात त्यांनी मला अनेक गोष्टी ऐकवल्या. एक रेघ हलवता आली की शेकडो रेघा एकाखाली एक मांडता येतात. तेवढ्या रेघा मांडल्या की चित्र. विलायतेत ते झाले आहे, इथेही होईल. मग आकडा, अक्षर, नकाशा, सगळे काचेवर येईल आणि काट्याकडे कोणी बघणार नाही. मी ती अतिशयोक्ती समजलो होतो. आज माझे डॉक्टर माझ्या काळजाचे ठोके हिरव्या रेघेत पाहतात, तेव्हा मी गप्प पडून राहतो.

श्रावणातल्या एका दुपारी रेघ उमटली. मी हजर होतो. पडद्याच्या मधोमध आडवी, हिरवी, स्थिर. तात्यांनी मायक्रोफोन जोडला आणि वहिनींना बोलायला सांगितले. “आता काय बोलू?” असे त्या म्हणाल्या, आणि रेघेवर लाटा उठून विरून गेल्या. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मग हात काढून पुन्हा तेच वाक्य हळू म्हणून पाहिले. लाटा लहान आल्या.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संशोधन संस्थेत यंत्रे जुळवणाऱ्या कारागिराची जागा निघाली. तात्यांनी अर्ज करायचे ठरवले. इंग्रजी अर्ज मी लिहिला. शिक्षणाचा रकाना मोकळा सोडा, असे ते म्हणाले. मी ‘मराठी चौथी’ असे लिहिले. उत्तर आले, त्यात लिहिले होते की प्रमाणपत्र नसल्यामुळे केलेले काम प्रत्यक्ष पाहावे लागेल. संस्थेतले एक साहेब दसऱ्याला आपल्या गावी बारामतीवरूनच जाणार होते. खंडेनवमीला दुपारी ते दुकानात तासभर येतील. तात्यांचे सगळे त्या एका तासावर होते. जागा मिळाली तर जन्मभर पडद्यांपुढे काम. न मिळाली तर पेठेतले डोळे. त्याआधीच्या पंधरवड्यात त्यांनी धड जेवण केले नाही. यंत्र रोज सुरू करून पाहत, बंद करीत, आणि बंद केल्यावर चालेल की नाही या शंकेने पुन्हा सुरू करीत.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक कारागीर हत्यारांची पूजा करतो. दरवर्षी वहिनी दुकानात येऊन हातोडीपासून डाखाच्या सळईपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावीत. त्या वर्षी तात्यांनी सांगून ठेवले होते की पूजा साहेब गेल्यावर होईल. दुपारी ते साहेबांना आणायला स्टेशनवर गेले आणि दुकान माझ्यावर सोपवून गेले. मी सहामाहीचे पेपर घेऊन स्टुलावर बसलो. यंत्राचे मागचे झाकण काढलेले होते. आतली जुळणी साहेबांना दिसावी अशी तात्यांची इच्छा होती.

ते नजरेआड झाल्यावर वहिनी पूजेचे ताट घेऊन आल्या.

“पूजा नंतर आहे ना?” मी म्हणालो.

“नंतर करून काय उपेग, मास्तर? गाडी सुटल्यावर तिकीट काढल्यासारखं. हातोडीला दरसाल कुंकू, आन् ज्याच्या जिवावर पुण्याला जायचं त्यालाच उपाशी ठिवायचं?”

“मग फक्त बाहेरच्या पेटीला लावा,” असे सांगून मी पेपर पुढे ओढले.

त्यांनी पेटीला पाच बोटे ओढली. फुलाने पाणी शिंपडले. वर झेंडूचे फूल ठेवले. ते मी पाहिले. त्यानंतर त्या मागच्या बाजूला गेल्या, आणि जिथे नळीची मान तारांत शिरते तिथे त्यांनी ओल्या कुंकवाचे बोट टेकवले. ते मी पाहिले नाही. पाहायला हवे होते. ओलसर वस्तूतून वीज कशी वाट काढते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवीत होतो.

साहेब आले. मध्यम वयाचे, सौम्य गृहस्थ होते. तात्यांनी नमस्कार-चमत्कार थोडक्यात उरकून बटण दाबले. दिवे तापायला लागतो तेवढा वेळ गेला. मग नळीच्या मानेपाशी चट्ट असा आवाज झाला आणि एक निळी ठिणगी वेडीवाकडी धावली. ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. लाखेचा वास पसरला. तात्यांनी प्लग ओढला आणि मागे वाकले. मी त्यांच्याजवळ होतो. मानेवरचा लाल ठिपका त्यांना दिसला, मलाही दिसला. साहेब वळून मागे येण्यापूर्वी त्यांनी तो अंगठ्याने पुसला. दारात वहिनी रिकामे ताट घेऊन उभ्या होत्या. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“सांधा कच्चा ऱ्हायला, साहेब,” ते म्हणाले. “माझी चूक.”

“सांधा तुमच्याच हातचा का?”

“व्हय.”

“पुन्हा सुरू होईल?”

“ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा न्हाय.”

साहेबांनी डायरीत काही लिहिले, चहा घेतला आणि ते गेले. पूजेचे पाणी पडले, एवढे जरी तात्यांनी सांगितले असते, तरी साहेब हसले असते आणि पुन्हा येण्याची वेळ ठरवली असती. त्या दिवशी देशातल्या कोणत्या यंत्रावर कुंकू नव्हते? त्याऐवजी, ज्या हातांची परीक्षा होती तेच हात कच्चे आहेत असे तात्यांनी आपल्या तोंडाने कबूल केले. मला बोलता आले असते. मी बोललो नाही.

“तिला कळता कामा नये, मास्तर,” साहेब गेल्यावर ते म्हणाले. “लई मनाला लावून घेईल.” मी मान हलवली. शब्द दिला नव्हता, असे मी पुढे स्वतःला सांगितले.

दिवाळीनंतर पुण्याचे पत्र आले. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“मास्तर, पत्र इंग्रजीत हाय. हे वाचून दावत न्हाईत. काय लिवलंय?”

“जागा दुसऱ्याला दिली.”

“का?”

“यंत्र चालले नाही म्हणून.”

“सांधा कच्चा हुता म्हणत्यात. ह्यांचा सांधा कवा कच्चा ऱ्हायला न्हाय. तुमी खोटं बोलत न्हाय म्हणून इचारते. माझ्या कुंकवानं झालं का?”

“होय,” मी म्हणालो. “आणि मी तिथे बसलो होतो, म्हणूनही.” दुसरे वाक्य त्यांनी ऐकले असेल असे वाटत नाही. त्या जिना उतरू लागल्या होत्या.

संध्याकाळी तात्या आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. आवाज चढलेला नव्हता.

“साहेबाम्होरं गप बसलात, आन् तिच्याम्होरं खरं बोललात. उलटं केलं असतं तर दोघं बी वाचलो असतो.” मग म्हणाले, “मशीननं हाय ते दावावं, त्याचं कामच हाय त्ये. माणसाला काय थोडं झाकता येऊ नये?”

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. शाळेची व्होल्टमीटरे मी पुण्याला पाठवू लागलो.

पुढचे मी माझ्या खिडकीतून पाहिले. जळालेला ट्रान्सफॉर्मर तात्यांनी स्वतः गुंडाळायला घेतला. केसासारखी तार, हजारो वेढे, प्रत्येक थरानंतर कागद. हे काम त्यांच्या हातचे नव्हते. शे-दोनशे वेढे झाले की पाय हलायला लागे, हात घाई करी आणि तार तुटे. असे सात-आठ वेळा झाले. एकदा त्यांनी तारेचे रीळ रस्त्यावर भिरकावले. ते उचलून आणणाऱ्या वहिनी होत्या. दुसऱ्या सकाळी त्या दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलेल्या मला दिसल्या. मांडीवर लाकडी साचा, हातात तार, शेजारी दोन वाट्या. त्यांनी एका चातुर्मासात लाख वाती वळल्या होत्या. मोजणी त्याच पद्धतीची. शंभर वेढे झाले की ज्वारीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत.

पेठेत बायकोला दुकानात बसवण्याची रीत नव्हती. गुळाचे अडते आबा जाता-येता थांबत. “काय तात्या, आता रेडिओला हळदीकुंकू बी मिळणार जणू.” तात्या अंगावर धावून जात. वहिनी मान वर करीत नसत. बोलल्या तर आकडा चुकला असता. हे तीन महिने चालले. फाल्गुनात एके दिवशी दुकानाचे दार अर्धे लोटलेले दिसले आणि आतून वहिनींचा आवाज आला, मग तेच पुन्हा, हळू. शब्द कळले नाहीत.

चैत्रात त्यांनी बिऱ्हाड आणि दुकान दोन्ही इंदापूरला हलवले. आबांच्या तोंडाला आणि पेठेच्या नजरेला तात्या विटले होते. बैलगाडीत सामान चढले. तात्या वाकळेत गुंडाळलेली नळी हातात धरून गाडीमागे उभे होते. मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. ते माझ्याकडे न पाहता चालू लागले. वहिनी म्हणाल्या, “येते, मास्तर.”

तात्या जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. इंदापूरला गेल्यावर आमची भेट एकदाच झाली. दोन वर्षांनी मी परीक्षेच्या देखरेखीसाठी तिथे गेलो होतो. परतीच्या एस.टी.ला वेळ होता. स्टँडजवळच त्यांचे दुकान सापडले. दारात कारखान्यातल्या मोटारींच्या जळालेल्या कॉइल ओळीने टांगलेल्या होत्या. भिगवण आणि बावड्यापासून लोक आता गुंडाळणीसाठी येत, असे शेजाऱ्याने सांगितले. वहिनी आत साचा घेऊन बसल्या होत्या. मागच्या टेबलावर ती नळी सुरू होती आणि तात्या एका रेडिओचा आवाज तिच्यावर तपासत होते.

“या,” ते म्हणाले. अडीच वर्षांत मला ऐकवलेला तो पहिला शब्द.

“पुण्याला पुन्हा लिहिले नाही?” मी विचारले.

“जागा भरली. अर्जात लिवाय काय नवं हुतं, मराठी चौथीच.” त्यांनी एक बटण फिरवले, रेघ पसरट झाली. मग रेघेकडे पाहतच म्हणाले, “मास्तर, तुमी हिला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मला अजून बी तसंच वाटतं.”

“मला न्हाय वाटत,” वहिनी म्हणाल्या. त्यांची बोटे थांबली नव्हती. तात्यांनी काही बोलायला तोंड उघडले. मीही उघडले असावे.

“सातशे चाळीस,” वहिनी म्हणाल्या. “आता दोघं बी गप ऱ्हावा. आकडा चुकंल.”

माझ्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत कोणी बोलले नाही.